मांडी घालून बसायची पँट

३ मार्च

आज आलेली सगळी कामं जीन्स छोट्या करायची. पायाकडून चार बोटं कापा, म्हणे. कमरेशी चुण्या घेतलेल्या, प्लेटांच्या पँटा शिवण्यात जन्म गेला, आणि आता मी लोकांच्या मोहऱ्या कापत बसलोय. न्हाव्याला नखं काढायला बसवावं तसं!

पण आजची गोष्ट ती नाही.

दुपारी सन्मतीशेठ आत कापडदुकानात गादीपाशी खेमचंदजींशी बोलत होता. बाप-लेक आत, मी बाहेर ओट्यावर. मधे एक दार, तेही सदा उघडं. मशीनवर बसलेल्याला काही ऐकू येत नाही, असा लोकांचा समज आहे. मी तो कधी मोडला नाही. माप देताना तर लोक हात वर करून फोनवर बोलतात. अर्ध्या रिसोडची भांडणं मला कमरेच्या मापासकट ठाऊक आहेत.

सन्मतीशेठ म्हणाला, "बाबूजी, पुनीत गादीवर बसत नाई म्हनते. गादी काढू, काउंटर टाकू, खुर्च्या ठेवू. आन काम काढलंच त ओटाबी फोडून टाकू. दुकान पार रस्त्यापावतर येते."

बस्स. तेवढं पुरलं. मी मोटर सुरू केली आणि पडून असलेल्या सगळ्या पँटांचं ओव्हरलॉक एका दमात उरकलं.

४ मार्च

ओटा फोडणार.

गिऱ्हाईक आत जातं, खेमचंदजी गादीवरून कापड फाडून देतात आणि म्हणतात, "बाहेर मास्तर हायेत." गिऱ्हाईक पायरी उतरून माझ्यापुढे उभं. माझी सगळी जाहिरात एवढीच! दुसरीकडे गाळा घ्यायचा तर पाटी लावावी लागेल. आणि पाटी वाचून रिसोडात कोणी पँट शिवायला टाकत नाही.

साधनाला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "एकडाव सरळ इचारून घ्या ना शेठजीले."

"इचाराचं काय त्यात? माह्या कानानं आयकलं मी."

"तुमी आयकता लय. इचारत मात्र काईच नाई."

बायको आहे, बोलणारच. पण मी कोणाला विचारून इथवर आलो? खेड्यातून निघालो तेव्हा विचारलं नाही. लोकांच्या जुन्या पँटा उसवून उसवून कटिंग शिकलो, तेव्हाही उस्तादाला विचारलं नाही. विचारत बसलो असतो तर आजही काज-बटणंच करत असतो. विचारणाऱ्याला लोक उत्तर देतात. खरं काय ते गुपचूप ऐकणाऱ्याला कळतं.

हे वाक्य बरं जमलं. कोणाला तरी ऐकवायला पाहिजे.

७ मार्च

पुनीत गादीवर का बसत नाही, ते कळलं!

पुनीत म्हणजे सन्मतीशेठचा मुलगा. पुण्याला शिकून आला. सोयरीक कारंज्याची, मुलीचं नाव टीना. तिच्याशी बोलायला तो ओट्यावर येतो, कारण आत आजोबा असतात. ओट्यावर मी असतो, पण मी म्हणजे खांब.

"अगं, मला दुकानात बसायला काहीच प्रॉब्लेम नाही. पण मांडी घालून तासभर बसलं की पँटचा पापड होतो. उठलो की पुढून अशी फुगते, खिशात भाकरी कोंबल्यासारखी! परवा दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आजोबांचं काय, त्यांचं धोतर आहे."

एवढंच! आत बाप-लेक आठवडाभर नवी पिढी, जुनी पिढी करून राहिलेत. आणि सगळं भांडण मांडीवरच्या दोन इंचात.

विचार केला तर खरंच आहे. त्या गादीवर आजवर पँट बसलेलीच नाही. खेमचंदजींचे वडील धोतरात बसले, खेमचंदजी धोतरात बसतात. सन्मतीशेठ सफारी घालतो, पण तो दिवसभर मार्केटात, सोयाबीनच्या भावामागे. पँट घालून गादीवर बसायची वेळ या घराण्यात पहिल्यांदाच आली आहे.

गादी राहिली तर तोडफोड नाही. तोडफोड नाही तर ओटा राहिला. म्हणजे पुनीतला मांडी घालता आली पाहिजे, आणि उठल्यावर प्लेटा जिथल्या तिथं आल्या पाहिजेत.

रिसोडात असं काम करणारा माणूस एकच. सुदैवानं मी त्याला ओळखतो!

१० मार्च

आत गेलो. ओट्याचा शब्दही काढला नाही.

"शेठजी, पुनीतशेठसाठी एक पँट शिवाची हाये. दिवसभर मांडी घालून बसू द्या, उठले का प्लेट जिथल्या तिथं."

खेमचंदजी मनापासून हसले. "मास्तर, प्लेट जाग्यावर राहीन हो. पोट्टं राहते का जाग्यावर?"

सन्मतीशेठ तिथेच होता. "कायले मेहनत करून राह्यले मास्तर? कामाचं त ठरलंच हाये."

"ठरवलं कोनं?" खेमचंदजी म्हणाले. आवाज चढवला नाही, पण कापड फाडताना जसा झटका देतात तसा तो शब्द आला. "आखाजीले पुनीतले गादीवर बसवाचं हाये. सकाळच्या पूजेपासून दुकान बंद होईपावतर बसला, त गादी राहीन. मधातच उठला, त तू काउंटर टाक, खुर्च्या टाक, मी बोलनार नाई. माहे गुडघे आता गेले."

सन्मतीशेठनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

बोलू दे की. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिना हातात. माझं काम सुरू झालं.

१६ मार्च

पहिली पँट. तोंडावर पडलो.

नेहमीसारखं माप घेतलं, दोन्हीकडे दोन-दोन प्लेटा टाकल्या, तोंडं खिशाकडे. उभा राहिला तेव्हा पुनीत असा दिसला की मीच माझी पाठ थोपटली असती. बसला. प्लेटा उघडल्या, तिथवर ठीक. उठला, आणि त्या उघड्याच! लग्नात जेवण उरकून ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यासारख्या, परत जायचं नावच नाही.

"मास्तर, ही पँट आहे का छत्री?"

पोरगा बोलतो बरा. बसला तर धंदा करेल.

चूक समजली. माप घेतलं उभ्या माणसाचं, पँट पाहिजे बसणाऱ्याची. सगळ्या जगाचे टेलर माणसाला उभा करून मोजतात आणि मग तो बसला की पँटला दोष देतात.

१८ मार्च

टेप घेऊन गादीवर चढलो. पुनीतला मांडी घालायला लावली आणि त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरलो, देवाला प्रदक्षिणा घातल्यासारखा. दुकानात गिऱ्हाईक होतं. पुंजाजी. खेड्यावरून येतो, शर्टाचं कापड घेतो, पँट कधीच घेत नाही, पायजमेवाला माणूस. तो कापड बाजूला ठेवून पाहतच बसला.

"काय करून राह्यले हो मास्तर?"

"बसल्या मानसाचं माप घेतो पुंजाजी."

"बसल्यावर वाढते काय मानूस?"

"चार बोटं वाढते. पाहा, टेप पाहा."

"आमचा बैल बसला का दुप्पट दिसते," पुंजाजी म्हणाला. "पन त्याले पँट नाई लागत."

पुनीतसकट सगळे हसले. मीही हसलो. कान मात्र आतल्या खोलीकडे होते. सन्मतीशेठ फोनवर अकोल्याच्या ठेकेदाराला सांगत होता, "आखाजीपावतर थांब. मंग पाहू."

२२ मार्च

दुसरी पँट. या वेळी प्लेटा सुटायच्याच नाहीत असा बंदोबस्त केला. खिशाचं अस्तर आतून थेट चेनपर्यंत नेऊन पक्कं शिवलं. त्या अस्तरानं प्लेटा आवळून धरल्या. युक्ती चांगली, जुने कारागीर करायचे.

इतक्या आवळल्या, की पुनीत गादीवर अर्धा टेकला आणि तिथेच थांबला, एस.टी.त दोघांच्या बाकावर तिसरा बसतो तसा. खेमचंदजी म्हणाले, "बस ना रे पुरा." तो पुरा बसला.

टर्रर्र!

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मागची शिवण. आसनापासून बेल्टपर्यंत.

"मास्तर," खेमचंदजी म्हणाले, "मुहूर्त आखाजीचा हाये. आजचा नाई."

२३ मार्च

कालचं सांगितलं, तेव्हापासून साधना मला पाठमोरीच. खांदे हलत होते.

२९ मार्च

हे लिहावं की नाही! लिहितोच.

आज सन्मतीशेठ ओट्यावर आला, माझ्याच खुंटीवरचा माझाच टेप काढला आणि माझं कटिंगचं टेबल मोजलं. लांबी, रुंदी. मग मशीन. मग म्हणाला, "इस्त्रीचं टेबल याले लागूनच ठेवता का अलग?"

जन्मभर मी लोकांची मापं घेतली. आज माझं घेतलं गेलं. सामान न्यायला टेम्पो लागेल की हातगाडीत भागेल, याचा अंदाज घेत असणार. व्यापारी माणूस, आधीच बघून ठेवतो.

मीही सुनावलं. "शेठ, माहं सगळं सामान एका हातगाडीत बसते. काळजी नोका करू."

"हातगाडी कायले?" म्हणे.

असा भोळा चेहरा मार्केटात वीस पोती विकत असेल.

साधना म्हणाली, "मंग तवाच इचाराचं ना, कायले मोजता म्हनून!" हिला कोण समजावणार? माणूस तिरडी मोजायला आला की त्याला विचारतात का, कोणासाठी?

६ एप्रिल

सापडलं! आणि सापडलं कुठे, पुंजाजीच्या पायजम्यात.

दुपारी ओट्यावर टेकला होता. तंबाखू मळत, एक पाय वर घेऊन, मग मांडी, मग उकिडवा, मग परत मांडी. कापडाची कुरकुर नाही, ओढ नाही. मी कान देऊन ऐकत होतो. कापडाला त्रास झाला की ते बोलतं. हा पायजमा गप्प होता.

"पुंजाजी, जरा पाय पसरा."

"काहून?"

"पायजमा पाहू द्या."

"लोकं पाहून राह्यले ना मास्तर!"

दोन पायांच्या मधे जो चौकोनी तुकडा लावतात, मियानी, तिची ही करामत. बसल्यावर लागणारं कापड ती देते, मग पुढच्या भागाला ओढ बसतच नाही. पायजम्याला लावतात, पँटला कोणी लावत नाही. दिसली तर लोक हसतील. पण आतल्या बाजूनं, लहानशी, त्याच रंगाची लावली तर कोणाला दिसते?

आणि दुसरं. प्लेटा बंद ठेवायच्याच नाहीत! खुशाल उघडू द्यायच्या, फक्त परतीचा रस्ता करून द्यायचा. अस्तर चेनपर्यंत न्यायचं, पण ते उभ्या धाग्यात नाही कापायचं, तिरपं कापायचं. तिरपं कापलेलं कापड ताणलं की लांबतं, सोडलं की परत येतं. प्लेटांना तेच ओढून घरी आणेल.

मग बाहेरचं कापड. पुनीतनं दिलेलं लिनन नको. ते नुसतं बसायचं नाव काढलं तरी चुरगळतं. खेमचंदजींना म्हटलं, जरा वजनाचं टेरीवूल पाहिजे. त्यांनी वरच्या फळीवरचा एक राखाडी तागा काढायला लावला. "याले कोनी हात लावत नाई मास्तर. जुनं झालं म्हनतात." हात लावला. हातातून सोडल्यावर कापड सरळ खाली पडलं, एक सुरकुती नाही.

हेच.

१० एप्रिल

महावीर जयंती. दुकान बंद, शेठजींचं घर मिरवणुकीत. मी एकटा ओट्यावर. दुपारपासून जसजसं ऊन आत येतं, तसतशी मशीन मागे सरकवायची. भिंत आली की टेकायचं.

पहिली प्लेट बरोबर उभ्या धाग्यावर धरली, म्हणजे खालची क्रीज तिच्यातूनच निघते आणि मोहरीपर्यंत रेघ सरळ जाते. ओलं फडकं टाकून इस्त्री केली, इस्त्री उचलताक्षणी वर लाकडी पाटी दाबून धरली आणि पूर्ण गार होऊ दिलं. इथेच सगळे घाई करतात. गरम कापड हलवलं की ते शिकवलेलं सगळं विसरतं.

सणासुदीचं काम करतो म्हणून साधनानं डबा पाठवला नाही, स्वतः घेऊन आली. पँट उलटी करून मियानी पाहिली. म्हणाली, "पोट्ट्याले सांगू नोका, पायजमा घातला म्हनून."

१६ एप्रिल

पुनीत कारंज्याला, होणाऱ्या सासरवाडीत. थांबायला वेळ नव्हता. तशीच एक पँट साध्या कापडाची शिवली आणि पुंजाजीला चढवली. कमरेत दोघं सारखे, बाकी देवाची मर्जी.

खेमचंदजी म्हणाले, "बसा पुंजाजी, गादीवर बसा."

पुंजाजीनं आधी पाय धुतले. मग बसला. तासभर बसून राहिला, दोन गिऱ्हाइकांना कापडाचे भावही सांगितले, चुकीचे. उठला. आम्ही सगळे वाकून त्याच्या मांड्यांकडे पाहतोय, आणि तो बिचारा लाजून भिंतीकडे.

प्लेटा जागेवर.

"कसं वाटते?" मी विचारलं.

"मास्तर, काई घातलं हाये असं वाटतच नाई."

"लोकाईले दिसते ना? मंग झालं," खेमचंदजी म्हणाले.

२९ एप्रिल

उद्या. पँट दिली. पुनीत म्हणाला, छान आहे. मी म्हटलं, उद्या रात्री सांगा.

ओट्याकडे जरा जास्तच पाहिलं आज. फरशी एका कोपऱ्यात माझ्या पायानं झिजली आहे. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही.

३० एप्रिल. आखाजी

बसला!

सकाळी पूजा झाली. खेमचंदजींनी नातवाचा हात धरून गादीवर बसवलं आणि स्वतः खाली खुर्चीत बसले. कारंज्याचे पाहुणे आले होते, टीनाही आली होती. गर्दी, पेढे, खरेदी. मी ओट्यावर, हातात एक शर्ट, तोच टाका घालतोय आणि उसवतोय. एकदा दुपारी पुनीत नुसता हलला, तर सुई बोटात गेली.

दुकान बंद करायच्या वेळी तो उठला. मला आत वाकून पाहायचं धैर्य झालं नाही. पण ऐकू आलं. प्लेट जागेवर येते तेव्हा अगदी बारीक आवाज होतो, दोन बोटांनी नोट सरळ करावी तसा. डावीकडे दोन, उजवीकडे दोन.

मग टीनाचा आवाज, "अरे वा! सकाळचीच वाटते."

खेमचंदजी म्हणाले, "सन्मती, तुह्या ठेकेदाराले फोन लाव. काम नाई करनं."

सन्मतीशेठ जाताना माझ्यापाशी थांबला. "घ्या मास्तर. झालं तुमच्या मनासारखं." चेहरा पडलेला. मला क्षणभर वाईट वाटलं. हरलेल्या माणसाबद्दल वाटायलाच पाहिजे.

१ मे

काल झोप लागली नाही, आनंदानं. भांडण नाही, हातापाया पडणं नाही, कोणाला एक शब्द विचारला नाही. हातभर तिरप्या अस्तरावर आणि एका मियानीवर अख्खा ओटा वाचवला!

साधनाला म्हटलं, "पाह्यलं? इचारलं असतं त काय झालं असतं? गयावया झाली असती."

ती म्हणाली, "चहा गार होऊन राह्यला."

३ मे

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पुनीत गादीवर मांडी घालून मजेत बसला होता. आतूनच म्हणाला, "मास्तर, एक मात्र राहून गेलं. पप्पांनी नव्या दुकानाच्या नकाशात दाराजवळची पहिली खोली तुमची ठेवली होती. समोर काच, आत ए.सी., तुमच्या टेबलाच्या मापानं. ओट्यावर मास्तरचे उन्हानं हाल होतात म्हणत होते. पण आजोबा म्हणाले, मास्तरांना ओटा सोडायचा नाही, म्हणूनच पँटसाठी एवढी धडपड चालली आहे. बरोबर ना?"

म्हटलं, "व्हय. मले मोकळ्या हवेची सवय हाये."

हवा आज चव्वेचाळीस डिग्री.